कुत्र्याची वंशावळ आणि माणसाची जबाबदारी

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं डाल्मेशियन जातीचें एक पिलूं आलें. पांढरें शुभ्र अंग, आणि त्यावर टाकाची शाई झटकल्यावर उडावे तसे काळे ठिपके. तें पाहावयास आळींतलीं सारीं मुलें जमत असत. पिलाबरोबर एक कागदहि आला होता. त्यावर त्याचे आईबाप, आजेआज्या, पणजेपणज्या ह्यांचीं लांबलचक इंग्रजी नांवें छापलेलीं होतीं. घरच्या यजमानांनीं तो कागद चौकटींत बसवून दिवाणखान्यांत टांगला. आम्हांस आमच्या पणज्यापलीकडचें नांव सांगतां येत नाहीं, आणि येथें एका कुत्र्याच्या इतक्या पिढ्या भिंतीवर, ह्याचें त्या वेळीं आम्हांस थोडें हसूंच आलें होतें.

पुढें एका उन्हाळ्यांत, तो कुत्रा तीन वर्षांचा झाला असतां, अचानक अस्वस्थ दिसूं लागला. पुन्हा पुन्हा अंगणांत जाई, पाय उचलून उभा राही, कण्हे, आणि एक थेंबहि न पडतां परत येई. रात्रीं त्याचें पोट फुगून टणक झालें तेव्हां यजमानांनीं व त्यांच्या मुलानें त्यास चादरींत घालून पशुवैद्याकडे नेलें. सोबत म्हणून आम्हीहि गेलों. मूत्रमार्गांत खडे अडकले होते. शस्त्रक्रिया झाली व कुत्रा वांचला. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं ते खडे कांचेच्या बशींत घालून दाखविले. मोहरीएवढे, पिवळसर, गुळगुळीत. यजमान म्हणाले, "डॉक्टर, ह्याच्या वंशांत कसलीहि भेसळ नाहीं. आमच्याजवळ कागद आहे. मग असें कसें झालें?" डॉक्टर हात पुसत म्हणाले, "भेसळ नाहीं म्हणूनच झालें."

हें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें. त्याचा शास्त्रीय अर्थ काय, आणि त्या अर्थांतून जो कर्तव्याचा प्रश्न निघतो त्यास उत्तर काय, हें ह्या लेखांत मांडण्याचें योजिलें आहे. घरीं कुत्रें आणण्याचा हट्ट धरणारे विद्यार्थी आणि तो हट्ट पुरविणारे पालक, ह्या उभयतांनीं तो वाचावा अशी आमची इच्छा आहे.

प्रथम रोगाचें मूळ पाहूं. अन्नांतील व शरीरांतील कांहीं द्रव्यांचें विघटन होऊन यूरिक आम्ल तयार होतें. हें आम्ल पाण्यांत फार थोडें विरघळतें. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतांत एक विकर असतें. तें ह्या आम्लाचें अ‍ॅलन्टोइन नांवाच्या सहज विरघळणाऱ्या पदार्थांत रूपांतर करितें, आणि तो पदार्थ लघवीवाटे निघून जातो. माणूस व मोठीं वानरें ह्यांच्याजवळ हें विकर नाहीं. म्हणूनच आपल्यापैकीं कांहींच्या वाट्यास पायाच्या आंगठ्याचा तो दुःसह ठणका येतो, ज्यास डॉक्टर गाउट म्हणतात. डाल्मेशियनची गोष्ट निराळी व अधिक चमत्कारिक आहे. त्याच्या यकृतांत विकर आहे. भट्टी पेटलेली आहे, परंतु लांकूड भट्टीपर्यंत पोहोंचतच नाहीं. यूरिक आम्लास पेशीच्या आवरणांतून आंत नेणारें जें द्वार, तेंच बिघडलेलें आहे. मूत्रपिंडांतहि त्याच बिघाडामुळें आम्ल परत शोषलें जात नाहीं, आणि सारें लघवींत उतरतें. अशा प्रत्येक कुत्र्यास खडे होतातच असें नाहीं. परंतु नराची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळें त्याच्या ठिकाणीं खडा अडकला कीं गोष्ट प्राणावर बेतते.

डाल्मेशियनच्या लघवींतील ही विचित्रता शास्त्रज्ञांस पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ठाऊक आहे. १९३८ सालीं ट्रिम्बल व कीलर ह्या दोन संशोधकांनीं इतर जातींशीं संकर करून दाखविलें कीं, हा दोष मेंडेलच्या नियमास अनुसरून सुप्त गुण म्हणून उतरतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वाटाण्याच्या रोपांचा पाठ आठवत असेलच. प्रत्येक गुणासाठीं जीवाजवळ जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. सुप्त दोष प्रकट व्हावयास दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एक जरी चांगली असली तरी काम भागतें.

आतां सामान्य सुप्त रोगाच्या बाबतींत विवेकी पैदासकाराचा मार्ग सरळ असतो. तो नर-मादीची तपासणी करितो, दोन सदोष प्रतींचे जोडीदार एकत्र येऊं देत नाहीं, आणि कांहीं पिढ्यांत रोग हटतो. येथें मात्र तसें करतां येत नव्हतें. वंशनोंदवहींत लिहिलेल्या एकूणएक डाल्मेशियनजवळ दोन्ही प्रती सदोषच होत्या. सर्वांत निरोगी दिसणारा नर घ्या, सर्वांत शांत व सशक्त मादी घ्या, पिलें जन्मास येणार तीं हाच दोष घेऊन. ज्या धान्यांत एकहि निकें बीं नाहीं त्यांतून कितीहि निवडलें तरी शेत सुधारणार कसें? वाचकांनीं हा मुद्दा नीट ध्यानांत घ्यावा, कारण पुढील सर्व वाद ह्यावरच उभा आहे. पैदास करणारा मनुष्य दयाळू आहे, पिंजरा स्वच्छ ठेवतो, पिलांस दूध-पेज वेळेवर घालतो, एवढ्यानें येथें कांहींच होत नव्हतें. बाहेरचें रक्त आणणें हा एकच उपाय होता, आणि तोच नियमानें निषिद्ध होता.

हा नियम आला कोठून? कुत्रा माणसाबरोबर सहस्रावधि वर्षें राहिला, परंतु त्याची लेखी वंशावळ ठेवण्याची चाल दीडशें वर्षांहून फार जुनी नाहीं. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें १८५९ सालीं श्वान-प्रदर्शन भरलें, १८७३ सालीं लंडनांत केनेल क्लब स्थापन झाला, आणि १८८४ सालीं अमेरिकन केनेल क्लब निघाला. त्यापूर्वीं कुत्रा त्याच्या कामावरून ओळखला जाई. ठिपक्यांचा कुत्रा धनिकांच्या घोडागाडीबरोबर मैलोगणती धांवे. अमेरिकेंत आगीच्या बंबाच्या घोड्यांपुढें धांवत तो रस्ता मोकळा करी. नोंदवही आल्यावर त्याची ओळख बदलली. ज्याच्या दोन्ही आईबापांचीं नांवें वहींत आहेत तोच डाल्मेशियन, आणि त्यांतला उत्तम कोणता तर छापील वर्णनाशीं ज्याचे ठिपके जुळतात तो.

नोंदवहीस आम्ही सर्वस्वीं वाईट म्हणत नाहीं. तिच्यामुळें फसवणूक टळते, आणि कोणत्या घराण्यांत कोणता रोग आहे हें शोधतां येतें; वहीखातें नसलेलें दुकान फार दिवस चालत नाहीं. परंतु दार कायमचें बंद केलें कीं मूळच्या थोड्या जनावरांबरोबर जें आंत आलें असेल तें तेथेंच फिरत राहतें. चांगलें तेंहि, आणि वाईट तेंहि. ठळक, वाटोळे, एकमेकांत न मिसळणारे ठिपके हवे म्हणून जी निवड पिढ्यानुपिढ्या झाली, तिच्याच बरोबर हा दोषहि साऱ्या जातींत पसरला असावा अशी संशोधकांची अटकळ आहे. ती खरी असेल तर ठिपक्यांची किंमत कुत्र्यानें मूत्रपिंडानें दिली असें म्हणावें लागेल.

ह्या बंद दारावर पहिली थाप १९७३ सालीं पडली. अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेंत रॉबर्ट शायबल नांवाचे एक जनुकशास्त्रज्ञ होते, आणि ते स्वतः डाल्मेशियनची पैदासहि करीत. त्यांनीं एका डाल्मेशियन मादीचा संबंध पॉइंटर जातीच्या एका नराशीं घडवून आणिला. पॉइंटर हा शिकारी कुत्रा, बांध्यानें डाल्मेशियनच्या जवळचा, आणि यूरिक आम्लाच्या बाबतींत अगदीं निर्दोष. हा संकर एकदांच झाला. पुढें प्रत्येक पिढींत, ज्या पिलांस चांगली प्रत मिळाली आहे तीं लघवीच्या तपासणीनें निवडावयाचीं व त्यांचा संबंध पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशींच करावयाचा, असा क्रम त्यांनीं ठेविला.

येथें फळ्यावरचें थोडें गणित करूं. पहिल्या पिढींत पॉइंटरचा वांटा निम्मा. दुसरींत पाव. तिसरींत अष्टमांश, चौथींत षोडशांश, पांचवींत बत्तिसावा भाग. असें अर्धें अर्धें करीत दहाव्या पिढीस आलें कीं सरासरीनें १०२४ मध्यें एक भाग उरतो. दहाव्या पिढींतला असा कुत्रा पाहून हा पॉइंटरचा वंशज आहे असें कोणी ओळखून दाखवावें! परंतु जी एक चांगली प्रत निवडून निवडून पुढें आणिली ती मात्र अर्धी होत नाहीं. ती असते तेव्हां संपूर्णच असते. पीठ पातळ होत जावें आणि मिठाचा एक खडा मात्र तसाच राहावा, असा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यांनीं ह्यावर थोडें थांबून विचार करावा. आनुवंशिकतेंतील हा सर्वांत सुंदर भाग आहे असें आम्हांस वाटतें.

१९८१ सालीं अमेरिकन केनेल क्लबानें पांचव्या पिढींतील दोन कुत्र्यांची नोंद डाल्मेशियन म्हणून करून घेतली. शायबल ह्यांचें काम फत्ते झालें असें कोणासहि वाटलें असतें. परंतु डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय क्लबांत मोठी खळबळ उडाली, सभासदांचा विरोध झाला, आणि थोड्याच काळांत दार पुन्हा लावण्यांत आलें. त्या दोन कुत्र्यांच्या संततीस वहींत जागा मिळाली नाहीं.

विरोध करणारे लोक निर्दय होते असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांतील कित्येकांनीं आपलें आयुष्य ह्या एका जातीच्या सेवेंत घालविलें होतें. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, सर्व कुत्र्यांस कोठें खडे होतात? भरपूर पाणी पाजावें, कलेजी वगैरे मांस टाळावें, गरज पडल्यास औषध द्यावें, म्हणजे निभतें. शिवाय पॉइंटरबरोबर दुसरा एखादा लपलेला रोग आंत येणार नाहीं ह्याची हमी कोणी द्यावी? आणि आरंभींच्या पिढ्यांचे ठिपके बारीक व अस्पष्ट आले होते, हेंहि खरेंच होतें. ह्यांपैकीं नव्या रोगाच्या शंकेस वजन होतें. तिचें उत्तर तपासणी हें होय, व ती करतां येण्याजोगी होती. परंतु ह्या सर्व आक्षेपांच्या तळाशीं एक आक्षेप होता, ज्यास तपासणीनें उत्तर देतां येत नव्हतें. तो असा कीं, एकदां बाहेरचें रक्त आलें कीं तें कायमचें आलें. मग कुत्रा कितीहि निरोगी असो, तो शुद्ध नव्हे.

हा शब्द आला कीं आमच्यासारख्यास थोडें थांबावेंसें वाटतें. आमच्या भाषेंत कुत्र्याच्या जातीस व माणसाच्या जातीस एकच शब्द आहे, आणि तो शब्द उच्चारतांना जिभेवर काय काय येतें हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. येथें घोंटाळा होऊं नये म्हणून स्पष्ट सांगतों. कुत्र्यांच्या जाती माणसानें हेतुपुरस्सर निवड करून घडविल्या. माणसांच्या जाती घडल्या त्या रूढीनें व सत्तेनें. एकीवरून दुसरीविषयीं अनुमान काढणें हा शास्त्राचा विपर्यास आहे, आणि युरोपांत १९३३ ते १९४५ ह्या काळांत त्या विपर्यासानें केवढा नरसंहार घडविला तें इतिहासाच्या पुस्तकांत आहे. तरी पण शुद्धतेच्या अभिमानाची चाल दोन्हीकडे सारखीच असते. आधीं ती एखाद्या चांगल्या गोष्टीच्या रक्षणासाठीं नेमलेली राखणदार असते, आणि मग ती गोष्ट मेली तरी राखणदार दारावरून हटत नाहीं.

आमचे जे वाचक शुभवर्तमान वाचतात त्यांस मत्तयाच्या पहिल्या अध्यायांतील वंशावळ ठाऊक आहे. लहानपणीं रविवारच्या शाळेंत तीं नांवें पाठ म्हणतांना आम्ही कंटाळून जात असूं. पुढें अभ्यास केला तेव्हां लक्षांत आलें कीं, त्या राजवंशाच्या यादींत यरीहोची राहाब आहे व मवाबी रूथ आहे. दोघीहि बाहेरच्या, आणि लिहिणारानें त्यांचीं नांवें झांकलीं नाहींत, उलट मुद्दाम नोंदविलीं. कुत्र्याच्या प्रश्नास ह्यांतून निकाल मिळतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वंशावळ कशासाठीं लिहितात, पुढें काय जन्मास यावें म्हणून लिहितात, हा प्रश्न विचारण्याची संवय आम्हांस त्या अध्यायानें लाविली.

असो. शायबल व त्यांच्या बरोबरचे थोडे पैदासकार नोंदवहीबाहेर काम करीतच राहिले. मध्यंतरीं जनुकें वाचण्याची विद्या वाढली. २००८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॅनिका बॅनाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोष नेमका कोठें आहे हें दाखवून दिलें: एसएलसी२ए९ नांवाच्या जनुकांत एका अक्षराचा फरक. एवढ्या मोठ्या ग्रंथांत एक अक्षर! आणि ह्या शोधांत उपयोगी पडले ते कोणते कुत्रे? क्लबानें नाकारलेल्या त्याच पॉइंटर-वंशांतले. कारण चांगली व सदोष अशा दोन्ही प्रती शेजारीं ठेवून पाहावयास केवळ त्याच कुळांत मिळत होत्या. ह्यानंतर गालाच्या आंतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावरून कोणत्याहि कुत्र्याची परीक्षा करणें शक्य झालें. हाच दोष कांहीं बुलडॉग व ब्लॅक रशियन टेरियर कुत्र्यांतहि असल्याचें आढळलें. त्या जातींत चांगल्या प्रती शिल्लक असल्यामुळें तेथें मात्र बाहेर न जातां निवड करतां येते.

इकडे इंग्लंडांत त्याच वर्षीं, २००८ च्या ऑगस्टांत, बीबीसीनें वंशावळीच्या कुत्र्यांच्या रोगांवर एक चित्रपट दाखविला व लोकांत मोठा क्षोभ झाला. पुढच्या वर्षीं क्रफ्ट्स ह्या प्रसिद्ध प्रदर्शनाचें प्रक्षेपण बीबीसीनें सोडलें. केनेल क्लबानें आईमुलगा, बापलेक व सख्ख्या भावंडांच्या संबंधांतून झालेल्या पिलांची नोंद बंद केली. सर पॅट्रिक बेटसन ह्या प्राणिशास्त्रज्ञांनीं सर्व प्रकरणाची चौकशी करून २०१० सालीं अहवाल दिला. त्याच वर्षीं ब्रिटिश केनेल क्लबानें पॉइंटर-वंशांतील एका डाल्मेशियन मादीस नोंदवहींत घेतलें, आणि १९११ नव्हे तर २०११ सालीं, म्हणजे पहिल्या संकरानंतर ३८ वर्षांनीं, अमेरिकन क्लबाचें दार उघडलें. सन आम्ही मुद्दाम असा उलटून लिहिला. ज्या सुधारणेची गरज महायुद्धाच्या काळींच कळली होती तिला किती उशीर झाला हें डोळ्यांत भरावें म्हणून.

अडतीस वर्षें म्हणजे कुत्र्यांच्या किती पिढ्या, आणि त्या पिढ्यांत किती नर त्या रात्रींच्या आमच्या कुत्र्यासारखे अंगणांत कण्हत उभे राहिले असतील, ह्याचा हिशेब कोणत्याहि वहींत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी, कारण ठिपक्यांचा मोह केवळ मूत्रपिंडापुरता नाहीं. डाल्मेशियनचीं पिलें जन्मतः पांढरींच असतात. ठिपके दोन-एक आठवड्यांनीं उमटूं लागतात. परंतु कांहीं पिलांच्या कानावर किंवा डोळ्याभोंवतीं जन्मतःच मोठा गडद पट्टा असतो. प्रदर्शनाच्या नियमांत हा पट्टा दोष मानिला जातो. अमेरिकन वर्णनानुसार असा कुत्रा बादच होतो. आतां ह्या जातींत बहिरेपणाचें प्रमाण फार मोठें. अमेरिकेंत झालेल्या तपासण्यांत शेंकडा ३० च्या सुमारास कुत्रीं एका किंवा दोन्ही कानांनीं बहिरीं आढळलीं आहेत. कारण असें कीं, अंगास रंग देणाऱ्या पेशी आंतल्या कानांतहि लागतात. त्या तेथें नसल्या म्हणजे जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत ऐकण्याचें यंत्र नासतें. पट्ट्याच्या पिलांत रंगाच्या पेशी अधिक, म्हणून बहिरेपणा कमी. म्हणजे काय झालें पाहा. ज्या पिलास ऐकूं येण्याचा अधिक संभव, तेंच पिलूं माणसानें कुरूप ठरवून वंशाबाहेर काढलें! येथें दुसऱ्या जातीचें रक्तहि नको होतें. छापील वर्णनांतील एक ओळ बदलली असती तरी पुष्कळ काम झालें असतें.

अशीच गोष्ट चपट्या तोंडाच्या पग कुत्र्याची. २००३ सालीं एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींत लहान मुलामागें धांवणारा पग साऱ्या हिंदुस्थानानें पाहिला, आणि मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत पगाची मागणी झाली. घोरणारा, नाकपुड्या मिटलेल्या, विदर्भाच्या उन्हाळ्यांत धापा टाकणारा तो जीव आपणांस गोड वाटतो. त्यास श्वास घेण्यासाठींच सारी शक्ति वेंचावी लागते हें कोणी पाहत नाहीं. नेदरलँड्समध्यें २०१९ पासून फार आंखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीस आळा घालण्यासाठीं तोंडाच्या लांबीचें माप लावण्यांत येऊं लागलें. डाल्मेशियनचीहि अशीच लाट परदेशांत आली होती, ती १९९६ च्या चित्रपटानंतर. पुष्कळ घरांनीं पिलें घेतलीं आणि धांवण्यासाठीं जन्मलेला हा कुत्रा घरांत आवरेना तेव्हां तीं सोडूनहि दिलीं.

आपल्या देशांत श्वानपैदास व विक्री ह्यांविषयीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं नियम केले आहेत. त्यांप्रमाणें पैदास करणारानें राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं. हे नियम चांगले आहेत व पालकांनीं ते विचारून पाहावे. परंतु कायदा पिंजरा पाहतो, वय पाहतो, दाखला पाहतो. रक्त पाहणें हें विकणाराच्या व घेणाराच्या सद्‌सद्विवेकावरच सोंपविलेलें आहे. आणि घेणारानें विचारलें नाहीं तर विकणारा कशाला सांगेल? आमच्या मित्रांनीं पिलूं घेतलें तेव्हां ठिपके मोजले, कागद पाहिला, किंमत कमी करून घेतली. आई पाहिली नाहीं. बाप कोठें आहे हें विचारलें नाहीं. आजा कशानें मेला, ह्या वेतांतील भावंडांस ऐकूं येतें काय, यूरिक आम्लाची तपासणी झाली आहे काय, उद्यां आम्हांस सांभाळणें अशक्य झालें तर पिलूं परत घ्याल काय, ह्यांतील एकहि प्रश्न त्यांच्या मनांत आला नाहीं. आमच्याहि आला नसता. मुलीचें लग्न ठरवितांना आपण मुलाच्या घरचें पाणी कसलें इथपर्यंत चौकशी करितों, आणि दहा-बारा वर्षें घरांत राहणाऱ्या जिवाविषयीं फक्त रंग विचारतों.

कोणी म्हणेल कीं मग जातिवंत कुत्रें पाळूंच नये, गल्लींतलें गांवठी पिलूं उचलून आणावें. आणावें, अवश्य आणावें. आमच्या शाळेच्या आवारांतील रखवालदाराची मोती तशीच आलेली आहे व तिच्या इतकी शहाणी कुत्री आम्हीं पाहिली नाहीं. परंतु जातिवंत कुत्र्यांचा समूळ निषेध करणें आम्हांस पटत नाहीं. मराठवाड्यांतील व कर्नाटकाच्या सीमेवरील कारवान किंवा पश्मी कुत्रा पाहा. शिकारी व मेंढके लोकांनीं तो पिढ्यानुपिढ्या धांवेवरून, दमावरून व निष्ठेवरून निवडला. ती निवडच होती, जातच होती. परंतु तिचें माप कुत्र्याच्या पायांत होतें, कागदावर नव्हतें. आतां तोहि प्रदर्शनांत येऊं लागला आहे. त्याच्या डोक्याची लांबी व कमरेची बारीकी ह्यांवर बक्षिसें ठरूं लागलीं म्हणजे पुढें काय होईल, ह्याची आम्हांस काळजी वाटते, आणि ती काळजी वाहणारे पैदासकार आहेत तोंवर आशाहि वाटते.

गेल्या दिवाळींत आमच्या त्याच मित्रांच्या मेहुण्यांना डाल्मेशियन घेण्याची इच्छा झाली. मित्रांचा मुलगा आतां अकरावींत आहे. विकणारास दूरध्वनि त्यानेंच केला. त्यानें विचारलें कीं, आईबाप दोघांचीहि यूरिक आम्लाची परीक्षा झाली आहे काय, व पिलांच्या कानांची तपासणी केव्हां केली. पलीकडून उत्तर आलें, "दादा, तुम्ही स्पॉट बघायला या, चॅम्पियनचें पिलूं आहे." मुलानें पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा तेंच उत्तर आलें. तेव्हां त्यानें आभार मानून फोन खालीं ठेविला, आणि मेहुण्यांनीं अद्याप पिलूं घेतलेलें नाहीं.

जुना कुत्रा ठीक आहे. त्याच्यासाठीं घरांत तीन ठिकाणीं पाण्याचीं भांडीं भरलेलीं असतात, व रात्रीं कोणीतरी उठून त्यास बाहेर नेतो. वंशावळीची चौकट दिवाणखान्यांत अजून आहे. तिच्या कांचेवर डॉक्टरांनीं लिहून दिलेला आहाराचा तक्ता चिकटविलेला आहे, त्यामुळें पणज्यांचीं नांवें आतां दिसत नाहींत.